इंट काढून सगळीकडे यूइंट३२_टी लिहिले की कोड पोर्टेबल होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एटीमेगा३२८ या एव्हीआर घराण्यातल्या ८ बिटी चिपवर चालणारा सी कोड आहे. तो आरएस-४८५ च्या तारेवरून मॉडबस या प्रोटोकॉलने एनर्जी मीटर वाचतो. आता तो आर्मच्या ३२ बिटी कॉर्टेक्स-एमच्या बोर्डावर न्यायचा आहे, आणि त्यातला आकडे उलगडणारा भाग ६४ बिटी लिनक्स गेटवेवरही तसाच वापरायचा आहे. वरिष्ठांनी सांगितले, ‘सगळे इंट आणि लाँग शोधा आणि यूइंट३२_टी करून टाका.’ यूइंट३२_टी म्हणजे नेमका ३२ बिटांचा, ऋण न होणारा पूर्णांक. एवढ्याने काम भागेल का?

नाही भागणार. सरसकट बदललेत तर आज जे नीट चालते आहे त्यातल्याही काही ओळी मोडतील.

नेमक्या रुंदीचे प्रकार हवेत ते आकडा प्रोग्रॅमच्या बाहेर जातो किंवा बाहेरून आत येतो तिथे: हार्डवेअरचे रजिस्टर, तारेवरची फ्रेम, ईईप्रॉममधली (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतली) नोंद, फाइल, दुसऱ्या प्रोसेसरबरोबर वाटून घेतलेली मेमरी. तिथली रुंदी दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेली असते, तुम्ही ती फक्त पाळायची. आतल्या हिशेबात मात्र आकडा कशाचा आहे ते बघून प्रकार निवडायचा. आणि हे दोन्ही चोख केले तरी सी भाषेचे प्रमोशनचे नियम मध्ये येतात. त्यांना तुम्ही काय टाइप केले आहे याच्याशी फारसे देणेघेणे नसते. माझ्या मते पोर्टिंगचे खरे काम तिथेच आहे, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

आधी जमिनीची पाहणी. सी मानकाने इंटला किमान १६ बिट, लाँगला किमान ३२ आणि लाँग लाँगला किमान ६४ एवढेच बंधन घातले आहे. एव्हीआरवर इंट १६ बिटांचा, कॉर्टेक्स-एमवर ३२ चा. लाँग दोन्हीकडे ३२. ६४ बिटी लिनक्सवर लाँग ६४ होतो, ६४ बिटी विंडोजवर तो अजूनही ३२ च आहे. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या कित्येक बॅचेस टर्बो सीवर शिकल्या आणि ‘इंट म्हणजे दोन बाइट’ हे तोंडी परीक्षेतले ठरलेले उत्तर होते. १६ बिटी डॉसवर ते बरोबरही होते. तुमचा जुना कोड त्याच समजुतीवर लिहिला गेला असेल, आणि एव्हीआरवर ती समजूत योगायोगाने खरी ठरत असल्याने आजवर कुणी हरकत घेतली नसेल.

नेमक्या रुंदीचे प्रकार सीच्या १९९९ च्या मानकात एसटीडीइंट.एच या हेडरमधून आले. त्याआधी प्रत्येक प्रोजेक्टचे स्वतःचे यू८, यू१६, यू३२ असायचे. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरसोबत हे हेडर थेट व्हिज्युअल स्टुडिओ २०१० पासून मिळू लागले, त्यामुळे घरगुती टाइपडेफ, म्हणजे प्रकारांना दिलेली अशी स्वतःची नावे, बराच काळ टिकले. तुमच्या कोडमध्ये असे टाइपडेफ असतील तर सगळ्यात आधी तेच उघडा. ‘यू३२ म्हणजे अनसाइन्ड लाँग’ असे लिहिलेले असेल तर एव्हीआर आणि कॉर्टेक्स-एमवर ते चालेल आणि गेटवेवर तुमचा यू३२ गुपचूप ६४ बिटांचा होईल. अशा वेळी नावे बदलत बसू नका, फक्त टाइपडेफची व्याख्या एसटीडीइंटवर आधारा. कोडभर शोध-आणि-बदल चालवण्यापेक्षा हे सुरक्षित आहे आणि रिव्ह्यू करणाऱ्याचा जीवही वाचतो.

आता सरसकट बदलाने काय मोडते ते. मीटरवर अॅक्टिव्ह पॉवरचे एक साइन्ड, म्हणजे ऋण आकडाही धरू शकणारे, १६ बिटी रजिस्टर आहे असे धरू. छतावर सोलर असेल आणि वीज ग्रिडकडे जात असेल तर ते ऋण येते. जुन्या कोडमध्ये साधारण अशी ओळ असते:

इंट पॉवर = (बी[०] << ८) | बी[१];

एव्हीआरवर इंट १६ बिटांचा असल्याने उणे १०० वॉट हे उणे १०० च दिसतात. हीच ओळ कॉर्टेक्स-एमवर नेली की ६५४३६ दिसतात, कारण आता इंट ३२ बिटांचा आहे आणि वरचे १६ बिट शून्य राहिले. वरिष्ठांच्या सांगण्याप्रमाणे यूइंट३२_टी केले तरी ६५४३६ च मिळणार. आकडा १६ बिटांचा आणि साइन्ड आहे, हे मीटरच्या मॅन्युअलमध्ये लिहिले आहे पण कोडमध्ये कुठेच लिहिलेले नाही, हा खरा दोष. दुरुस्ती अशी: दोन बाइट्स जोडून आधी यूइंट१६_टी करा, मग इंट१६_टी मध्ये कास्ट करा (म्हणजे प्रकार मुद्दाम बदला), आणि त्यानंतर हवे तर मोठ्या प्रकारात घ्या. यूइंट१६_टी मधला मोठा आकडा इंट१६_टी मध्ये नेताना काय व्हावे हे मानकाने कंपायलरवर सोडले आहे. जीसीसी या कंपायलरने मात्र बिट्स तसेच राहतील असे कागदोपत्री सांगितले आहे, क्लँगही तसेच वागतो.

दुसरी ओळ टाइमआउटची. १६ बिटी टायमरचे दोन आकडे, दोन्ही यूइंट१६_टी, आणि अट अशी: आत्ता - तेव्हा > १००. ‘तेव्हा’ ६५५३० होते, टायमर फिरून ‘आत्ता’ १० झाले. एव्हीआरवर यूइंट१६_टी हाच अनसाइन्ड इंट आहे, म्हणून वजाबाकी १६ येते आणि पुढे वेळ सरला की अट लागू होते. कॉर्टेक्स-एमवर दोन्ही आकडे आधी ३२ बिटी साइन्ड इंटमध्ये जातात आणि उत्तर उणे ६५५२० येते. टायमर फिरल्यानंतरची वजाबाकी जवळजवळ सदैव ऋण, म्हणजे टाइमआउट होतच नाही, आणि मीटरची केबल निघाली तर तुमचा लूप उत्तराची वाट बघत बसतो. प्रकार नेमका होता, कोड बदललेला नव्हता, तरी वागणूक बदलली. इथे वजाबाकीच्या उत्तरालाच यूइंट१६_टी चा कास्ट लावावा लागतो, म्हणजे तुलना कास्टनंतर होते.

नियम असा की इंटपेक्षा अरुंद असलेला कुठलाही पूर्णांक, गणित सुरू होण्याआधी इंट होतो. यूइंट८_टी आणि यूइंट१६_टी ३२ बिटी मशीनवर हिशेबात कधी दिसतच नाहीत, फक्त साठवताना दिसतात. म्हणून ८५ या यूइंट८_टी चे सगळे बिट उलटवले तर १७० मिळत नाही, उणे ८६ मिळते, आणि ‘१७० शी बरोबर आहे का’ ही तुलना खोटी ठरते. चेकसमच्या कोडमध्ये ही चूक हमखास सापडते. दोन यूइंट१६_टी चा गुणाकार त्याहून वाईट. ६५५३५ गुणिले ६५५३५ म्हणजे ४२९४८३६२२५. हा यूइंट३२_टी मध्ये मावतो, पण गुणाकार साइन्ड इंटमध्ये होतो आणि तिथे मावत नाही. साइन्ड ओव्हरफ्लो हे सीमध्ये अपरिभाषित वर्तन आहे, म्हणजे कंपायलरला काहीही करायची मुभा. एका आकड्याला आधी यूइंट३२_टी करा, मग गुणा.

तुमच्या मीटरचे सगळ्यात महागात पडणारे उदाहरण एकूण युनिट्सचे आहे. ३२ बिटी वॉट-तास दोन रजिस्टरांत येतात. वरचे रजिस्टर ‘हाय’ आणि खालचे ‘लो’, दोन्ही यूइंट१६_टी, आणि बेरीज ठेवायला यूइंट६४_टी घेतला आहे:

यूइंट६४_टी एकूण = (हाय << १६) | लो;

एव्हीआरवर हे पहिल्या दिवसापासून चुकते, कारण १६ बिटी आकडा १६ ने सरकवणे हेच अपरिभाषित आहे. त्यामुळे तिथे कुणीतरी कास्ट घातलेला असतो. कॉर्टेक्स-एम आणि लिनक्सवर मात्र कास्टशिवायही हे मस्त चालते. ‘हाय’ ३२७६८ ला पोचेपर्यंत. त्या क्षणी सरकवलेला बिट साइन्ड इंटच्या चिन्हाच्या जागी जातो. मानकानुसार हेही अपरिभाषित, प्रत्यक्षात बहुतेक कंपायलर ऋण आकडा देतात, आणि तो यूइंट६४_टी मध्ये जाताना वरचे ३२ बिट एकाने भरून जातात. डॅशबोर्डवर १८४४६७४४०७१५६२०६७९६८ वॉट-तास दिसतात.

हे कधी दिसेल? २ चा ३१ वा घात वॉट-तास म्हणजे सुमारे २१ लाख ४७ हजार युनिट्स. शून्यापासून सुरू झालेल्या मीटरवर सलग ५०० किलोवॉट लोड असेल तर साधारण १७९ दिवस. टेबलावरच्या चाचणीत बल्ब लावून हे आयुष्यात सापडणार नाही, चालू कारखान्यात सहा महिन्यांनी सापडेल. दुरुस्ती चार अक्षरांची नाही पण सोपी आहे: सरकवण्याआधी ‘हाय’ला यूइंट३२_टी करा. ‘हाय’ हे चल मुळातच यूइंट३२_टी असेल तर प्रश्नच उद्भवत नाही, म्हणून मी बाइट्स जोडणाऱ्या फंक्शनमध्ये मधली सगळी चले यूइंट३२_टी च ठेवतो.

आकड्यांचे शब्दशः रूपही याच कुळातले. कोडमध्ये लिहिलेला ६० हा इंट असतो. ६० * १००० हे एव्हीआरवर उणे ५५३६ होते, मग डावीकडचे चल यूइंट३२_टी असो की आणखी काही, त्याला उशीर झालेला असतो. १ << २० चीही तीच गत. अर्डुइनोवर मिनिटाचे मिलिसेकंद करताना नवशिक्यांना हा झटका बसतोच. यूएल हा प्रत्यय लावा, किंवा एसटीडीइंटमधला यूइंट३२_सी हा मॅक्रो वापरा. मला मॅक्रो बरा वाटतो, हेतू स्पष्ट दिसतो.

आता मांडणीकडे. रुंदी नेमकी झाली म्हणजे स्ट्रक्टची (एकत्र बांधलेल्या चलांची) मांडणी नेमकी झाली असे नाही. एक यूइंट८_टी आणि पाठोपाठ एक यूइंट३२_टी असा स्ट्रक्ट एव्हीआरवर ५ बाइट्सचा असतो, तिथे अलाइनमेंटची, म्हणजे आकडा ठरावीक पटीच्या पत्त्यावरच ठेवण्याची, भानगडच नाही. कॉर्टेक्स-एमवर तोच ८ बाइट्सचा, मध्ये तीन रिकाम्या बाइट्सचे पॅडिंग. ईईप्रॉमच्या जुन्या नोंदी नवीन बोर्डाने वाचायच्या असतील तर इथेच अडकाल. लिनक्सच्या कर्नलवाल्यांनाही हे भोवले आहे: आधी एक ३२ बिटी आणि पाठोपाठ एक ६४ बिटी आकडा ठेवणारा स्ट्रक्ट ३२ बिटी इंटेलवर १२ बाइट्सचा आणि ६४ बिटीवर १६ चा होतो, कारण ३२ बिटी इंटेलच्या लिनक्सवर स्ट्रक्टमधल्या ६४ बिटी आकड्याला ४ चीच अलाइनमेंट असते. म्हणून कर्नल आणि यूजर प्रोग्रॅम यांच्यामधल्या स्ट्रक्टमध्ये लाँग टाळतात आणि पॅडिंग हाताने लिहून काढतात.

पॅक्ड हा अॅट्रिब्यूट लावून पॅडिंग जाते, पण दुसरे दुखणे येते. मॉडबसच्या उत्तरात पत्ता, फंक्शन कोड आणि बाइट्सची संख्या हे तीन बाइट्स आधी येतात, म्हणजे माहिती तिसऱ्या ऑफसेटपासून, विषम पत्त्यावर सुरू होते. तिथे यूइंट१६_टी चा पॉइंटर लावून वाचलेत तर कॉर्टेक्स-एम० सरळ हार्डफॉल्टमध्ये जातो, म्हणजे चूक झाली म्हणून अडकतो. एम३ आणि एम४ साधे विषम वाचन सांभाळून घेतात, पण कंपायलरने दोन शब्द एकत्र उचलणारी सूचना निवडली तर तेही फॉल्ट देतात. म्हणजे ऑप्टिमायझेशनची पातळी बदलली की बोर्ड बंद, असा अनुभव येतो आणि दोष कंपायलरला दिला जातो. शिवाय बाइट बफरवर दुसऱ्या प्रकारचा पॉइंटर टाकणे हे अलियासिंगच्या, म्हणजे एकाच मेमरीकडे दोन प्रकारांनी बघण्याबद्दलच्या, नियमांतही बसत नाही.

आणि बाइट्सचा क्रम राहिलाच. मॉडबसमध्ये एका रजिस्टरचा वरचा बाइट आधी येतो, शेवटचा सीआरसी (चूक पकडणारा आकडा) मात्र खालचा बाइट आधी. ३२ बिटी आकड्यात कुठले रजिस्टर आधी, हे प्रोटोकॉलने ठरवलेलेच नाही. प्रत्येक मीटरवाल्याचे आपले आपले, त्याचे मॅन्युअल उघडून बघणे हाच उपाय. यूइंट३२_टी लिहून यातले काहीही सुटत नाही.

म्हणून तारेवरच्या किंवा ईईप्रॉममधल्या माहितीवर स्ट्रक्ट बसवूच नका. बाइट्स एकेक करून उचला आणि सरकवून जोडा:

(यूइंट३२_टी)बी[०] << २४ | (यूइंट३२_टी)बी[१] << १६ | (यूइंट३२_टी)बी[२] << ८ | बी[३]

हे तिन्ही मशीनवर एकच उत्तर देते, मशीनचा बाइट-क्रम कोणताही असो. ‘हे हळू नाही का होणार?’ असे कुणीतरी विचारतेच. आजचे जीसीसी आणि क्लँग हा नमुना ओळखतात आणि जिथे मशीनला परवडते तिथे एका वाचनात व एका बाइट-उलटवणीत तो बसवतात. ९६०० बॉडच्या तारेसमोर तर हा विचारसुद्धा करू नये.

स्ट्रक्टमध्ये लपून बसणारे आणखी काही लोक आहेत. एनम: बेअर-मेटल (ऑपरेटिंग सिस्टिमशिवायच्या) आर्म जीसीसीमध्ये तो मावेल तितक्या लहान जागेत बसतो, आर्म लिनक्सवर चार बाइट घेतो. टाइम_टी, म्हणजे वेळेचा प्रकार: ३२ बिटी असेल तर १९ जानेवारी २०३८ ला, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनंतर त्याचा हिशेब संपतो. डबल: एव्हीआर जीसीसीमध्ये नेहमीच्या सेटिंगला तो ३२ बिटांचाच असतो. आणि नुसता कॅर, जो इंटेलवर साइन्ड आणि आर्म लिनक्सवर अनसाइन्ड असतो. उणे एकशी तुलना करणारा लूप त्यामुळे एका मशीनवर थांबतो, दुसऱ्यावर थांबत नाही. बाहेर जाणाऱ्या नोंदीत यांपैकी एकही नको.

छापण्याचा मुद्दा लहान आहे पण त्रास मोठा देतो. यूइंट३२_टी हा एव्हीआरवर आणि आर्मच्या बेअर-मेटल टूलचेनमध्ये अनसाइन्ड लाँग असतो, लिनक्सवर अनसाइन्ड इंट. प्रिंटएफमध्ये नुसता टक्का-यू लिहिलात तर एव्हीआरवर फक्त दोन बाइट उचलले जातात आणि पुढचे सगळे आकडे घसरतात. इंटटाइप्स.एच मधला पीआरआययू३२ हा मॅक्रो वापरा. दिसायला कुरूप आहे, पण बरोबर आहे. ६४ बिटी आकडा न्यूलिब-नॅनो या छोट्या सी लायब्ररीवर मात्र मॅक्रो वापरूनही छापला जात नाही, त्या लायब्ररीने जागा वाचवायला तो आधारच काढून टाकला आहे.

आतल्या हिशेबासाठी माझी पसंती सांगतो. अॅरेची लांबी आणि इंडेक्स साइझ_टी. एरर कोड आणि लहान मोजणी साधा इंट, जोवर आकडा ३२७६७ च्या आत राहील याची खात्री आहे. यशाला शून्य आणि चुकीला उणे एक परत करणारी फंक्शन्स यूइंट३२_टी केलीत तर ‘शून्यापेक्षा कमी आहे का’ ही तपासणी कधीच खरी होणार नाही, आणि उतरत्या क्रमाने शून्यापर्यंत जाणारे लूप थांबणार नाहीत. लूपचा काउंटर यूइंट८_टी ठेवणे एव्हीआरवर शहाणपणाचे, आर्मवर उलट: वरचे बिट पुसायला जादा सूचना लागू शकते. दोन्हीकडे बरे हवे असेल तर यूइंट_फास्ट८_टी (किमान ८ बिटांचा, त्या मशीनला सोयीचा प्रकार) आहे. पण ‘फास्ट’ घराण्यातले प्रकार स्ट्रक्टमध्ये घालू नका. ६४ बिटी इंटेल लिनक्सवर यूइंट_फास्ट१६_टी आठ बाइट्सचा असतो, नावावरून कुणाला वाटेल का?

‘लीस्ट’ घराणे, म्हणजे यूइंट_लीस्ट८_टी सारखे ‘निदान एवढ्या बिटांचे’ प्रकार, तुम्हाला बहुधा लागणार नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या सी२००० वर कॅरच १६ बिटांचा आहे, तिथे यूइंट८_टी अस्तित्वातच नाही. मानकाने नेमक्या रुंदीचे प्रकार ऐच्छिक ठेवले ते अशा मशीनसाठी. मोटर कंट्रोलच्या कामात ती चिप येते. तुमच्या तीन मशीनमध्ये नाही, तेव्हा यूइंट८_टी बिनधास्त वापरा. उद्या कुणी तिकडे नेले तर कोड कंपाइलच होणार नाही, आणि ते चांगलेच आहे.

नेमकी रुंदी म्हणजे एका फटक्यात वाचन, असेही समजू नका. इंटरप्टमध्ये बदलणारा यूइंट१६_टी एव्हीआर दोन तुकड्यांत वाचतो, यूइंट६४_टी कॉर्टेक्स-एम दोन तुकड्यांत वाचतो. मधोमध इंटरप्ट आला तर अर्धा जुना आणि अर्धा नवा आकडा हाती येतो. त्या वाचनाभोवती इंटरप्ट थोडा वेळ बंद ठेवावा लागतो.

कामाचा क्रम मी असा ठेवीन. उलगडणारा भाग वेगळ्या फाइलमध्ये काढा, त्यात हार्डवेअरचे एकही हेडर नको. तो लिनक्सवर कंपाइल करा आणि कन्व्हर्जन, साइन-कन्व्हर्जन व फॉरमॅटचे इशारे चालू ठेवा. वरची यूइंट६४_टी ची ओळ साइन-कन्व्हर्जनच्या इशाऱ्यात लगेच सापडते. मग अपरिभाषित वर्तन पकडणारा सॅनिटायझर लावून चाचण्या चालवा, एकदा ६४ बिटी आणि एकदा ३२ बिटी. चाचणीचे आकडे मीटरसमोर बसून जमवू नका, हाताने लिहा: ०, ३२७६७, ३२७६८, ६५५३५, २१४७४८३६४७, २१४७४८३६४८ आणि ४२९४९६७२९५, शिवाय साइन्ड रजिस्टरांसाठी उणे १ आणि उणे ३२७६८. जिथे स्ट्रक्टचा आकार ठरलेला हवा तिथे स्टॅटिक असर्ट टाका, म्हणजे चूक कंपाइल करतानाच ओरडेल.

मोजक्या इशाऱ्यांपासून सुरुवात होणार नाही, पहिल्या फेरीत पडदा भरून येतील. ते घालवायला जागोजागी कास्ट टाकण्याचा मोह टाळा, त्याने इशारा जातो आणि चूक राहते. प्रत्येक इशाऱ्यापाशी मीटरचे मॅन्युअल उघडून रजिस्टर साइन्ड आहे की अनसाइन्ड आणि किती बिटी आहे ते बघा, आणि चलाचा प्रकारच त्याप्रमाणे बदला. एव्हीआरचे बिल्ड मात्र पोर्टिंग संपले तरी चालू ठेवा. लिनक्सवरच्या चाचण्यांत इंट ३२ बिटांचाच असतो, त्यामुळे ६० * १००० सारखी ओळ तिथे कधीच पकडली जाणार नाही. ती एव्हीआरचा कंपायलरच ओव्हरफ्लोचा इशारा देऊन दाखवतो.